थिंबल दाबायचं की डाग द्यायचा?

थिंबल म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक (लग): एका बाजूला वायर जाते ती नळी, दुसऱ्या बाजूला बोल्टाखाली जाणारं भोकाचं चपटं पान. ते यंत्रानं दाबून बसवायचं, की वितळलेल्या कथलाचा डाग (सोल्डर) देऊन, हा वाद. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याजवळ एका मोसंबीवाल्याची साडेसात एचपीची मोटर. मी नुकताच आयटीआय करून आलेलो, हाताला खाज. स्टार्टरला चार एमएमची (वायरीचं माप म्हणून एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर) फ्लेक्सिबल केबल होती आणि तिच्या बारीक तारा स्क्रूखाली फाकायच्या. म्हणून मी टोकं कथलात बुडवून काडीसारखी कडक केली आणि स्क्रू गच्च आवळले. काम इतकं देखणं दिसत होतं, की जाताना मीच दोनदा मागं वळून बघितलं.

जानेवारीत बागेचा ताण तोडायची, म्हणजे थांबवलेलं पाणी पुन्हा सोडायची, वेळ आली. रात्रीच्या पाळीची लाईट आली, शेतकऱ्यानं बटण दाबलं, मोटर नुसती गुरगुरली. टॉर्च लावून बघतो तर मधलं टर्मिनल काळं पडलेलं आणि वायर बोटानं ओढली तर हातात आली. एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजना सगळा भार ओढावा लागतो, त्यांच्यातला करंट जवळपास पावणेदोन पट होतो. करंट वाढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले पडायला पाहिजे होता. पण तो शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवलेला होता, आणि तो कुणी फिरवला ते विचारू नका. वाइंडिंग जळालं. रिवाइंडिंग मी फुकट करून दिलं.

माझं म्हणणं होतं, स्क्रू तर गच्च होता! होताच. पण कथील हा मऊ धातू आहे. त्याला सतत दाबाखाली ठेवलं की तो न वितळताही हळूहळू सरकतो, पसरतो. शिसं-कथलाचा नेहमीचा 60-40 डाग 183 अंशांना मऊ पडायला लागतो आणि 190 च्या आसपास पूर्ण पातळ होतो. ज्याचा वितळबिंदूच एवढा खाली, त्याला मे महिन्यात पत्र्याच्या पेटीतली गरमी म्हणजे अर्धी भट्टी. स्क्रू तिथंच असतो, खालची वायर बारीक होते. जोड ढिला झाला की तापतो, तापला की कथील अजून सरकतं, की जोड अजून ढिला. त्या दिवसापासून एक नेम केला: स्क्रूखाली जाणाऱ्या वायरीला कथील लावायचं नाही. बारीक तारा फाकत असतील तर पिन थिंबल किंवा गोल थिंबल दाबायचं. प्लास्टिकचं बूड असलेली छोटी थिंबलं रंगावर मिळतात. लाल दीड एमएमपर्यंत, निळं अडीचपर्यंत, पिवळं चार ते सहा.

आता मोठ्या वायरीकडं येऊ. ट्रॅक्टरची बॅटरी केबल, इन्व्हर्टरची केबल, मेन पॅनेलची 25, 35, 50 एमएमची वायर. इथं खरा वाद आहे आणि गावात अजून दोन्ही बाजूंची माणसं भेटतात.

माझे उस्ताद डागवाले. मानवतकडच्या जिनिंगमध्ये त्यांची उमर गेली. ब्लो लॅम्प पेटवायचे, जाड थिंबल शिकंजात उभं धरायचे, नळीत राळ आणि कथील वितळवायचे आणि त्यात वायर हळूच बसवायचे. मी घाईत कथील ओतत सुटलो की ओरडायचे, "नल्ली भर बेटा, तार मत भर!" त्यांनी बसवलेली थिंबलं मी पुढं वीस-वीस वर्षांनी उघडून बघितलीत, आतून चकाचक. त्यामुळं डागाचा जोड म्हणजे कच्चं काम, असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. पण ती पॅनेलं भिंतीला ठोकलेली होती, वायर हलत नव्हती, आणि डाग देणारा हात उस्तादांचा होता. या तिन्ही गोष्टी रोज एका जागी मिळत नाहीत.

हलणाऱ्या वायरीत डागाचं मरण कुठं असतं ते सांगतो. पातळ कथील तारांच्या फटींतून वर चढतं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं. नळीच्या बाहेर बोट-दीड बोट वायर कडक होते. पुढं मऊ वायर, मागं कडक काडी, आणि त्या दोन्हींच्या शिवेवर सगळा हिसका बसतो. ट्रॅक्टर नांगरटीत थरथरत असतो. तारा एकेक करून तुटत जातात, वरचं पीव्हीसी मात्र धडधाकट. बाहेरून काही कळत नाही. उस्तादांचं "तार मत भर" हे याच्यासाठीच होतं.

दुसरी गोष्ट शॉर्टसर्किटची. एक्सएलपीई केबलची (जास्त गरमी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या सालीची) आतली तार शॉर्टच्या त्या काही क्षणांत 250 अंशांपर्यंत जाऊ शकते असं धरलेलं असतं. पण टोकाला डागाचा जोड असला की ही मर्यादा 160 वर आणावी लागते, नाहीतर थिंबल वितळून वायर बाहेर यायची. कथील तांब्याच्या मानानं करंट जेमतेम नवव्या हिश्श्यानं वाहून नेतं, हेही लोक सांगतात. खरं आहे, पण वायर नळीला चिकटून बसली असेल तर मधला थर इतका पातळ असतो की त्यानं फार बिघडत नाही. बिघडतं ते वायर आणि नळीच्या मधे मोठी फट ठेवून ती नुसत्या कथलानं बुजवली तर.

दाबलेल्या थिंबलात वेगळंच घडतं. ज्वारीची पेंढी कितीही आवळा, धाटांच्या मधे फट राहतेच. इथं धाटंच चेपतात. गोल तारांच्या कडा मोडून त्या एकमेकींत आणि नळीत रुततात, तांब्यावरचा काळा पापुद्रा घासून फाटतो आणि उघडं तांबं उघड्या तांब्याला भिडतं. आत हवा शिरायला जागा नाही, म्हणून पुन्हा गंज नाही. मधे तिसरा धातूच नाही, तर वितळायचं काय?

हे सगळं दाब बरोबर बसला तर. छिन्नी-हातोड्यानं मधोमध खोच पाडलेलं थिंबल मी रोज बघतो. पक्कडीनं चपटं केलेलंही बघतो. त्यापेक्षा उस्तादांचा डाग शंभर पट बरा. म्हणून कसं दाबायचं ते सविस्तर लिहितो.

आधी लाईट. मेन खाली पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, मग टेस्टरनं बघायचं. फ्यूज पेटीवर ठेवला तर कुणीतरी भला माणूस "लाईट कामून गेली" म्हणत लावून टाकतो. बॅटरीचं काम असेल तर बोटातली अंगठी काढायची आणि निगेटिव्ह आधी सोडायचं, जोडताना ते शेवटी. पाना पॉझिटिव्हला आणि बॉडीला एकदम टेकला की तो वेल्डिंगच्या काडीसारखा पेटतो.

थिंबलावर आकडे असतात. 35-8 म्हणजे वायर 35 एमएमची आणि भोक 8 एमएमच्या बोल्टाचं. दोन्ही आकडे जुळायला पाहिजेत. दुकानात 35 चं संपलं म्हणून 50 चं आणायचं आणि मोकळी जागा भरायला काही तारा दुमडून कोंबायच्या, हे करू नका. उलटं 25 चं आणून चार-पाच तारा कापायच्या आणि बाकीच्या घुसवायच्या, हेही नको. 19 तारांतल्या चार कापल्या तर वायरचा पाचवा हिस्सा तुम्ही फेकून दिला. भोक छोटं पडलं म्हणून ड्रिलनं मोठं करणारे आहेत, त्यांच्या थिंबलाच्या पानाला कडेला कागदाएवढं तांबं उरतं.

थिंबल तांब्याचं आहे का तेही बघा. वरून सगळीच पांढरी दिसतात, कारण कलई असते. आत कानशीनं ओरखडा काढा. लाल दिसलं तर तांबं, पांढरंच राहिलं तर ॲल्युमिनियम. चुंबक चिकटला तर दुकानदाराला रामराम करा.

वायर सोलताना नळीच्या खोलीपेक्षा दोन-तीन एमएम जास्त सोला. ब्लेड गोल फिरवायचं पण तांब्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. अर्ध्या जाडीपर्यंत चीर पाडून वायर थोडी वाकवली की साल आपोआप फाटते, मग ओढून काढायची. ज्या तारेला ब्लेड लागलं ती पुढं तिथंच तुटते. तारा चकचकीत असायला हव्यात. काळ्या किंवा हिरव्या असतील तर चमक लागेपर्यंत मागं कापत जा. बॅटरीच्या केबलीत ॲसिड तारांतून वर चढलेलं असतं, कधी वीतभर कापावं लागतं. वीतभर कापूनही हिरवंच निघालं तर नवीन केबल घ्या, त्यात कंजुषी नको.

वायर नळीत शेवटपर्यंत गेली पाहिजे. चांगल्या थिंबलाला पानाजवळ बारीक भोक असतं, त्यातून तांबं दिसलं की समजायचं पोचली. वायर आत गेल्यावर हलवून बघा. खुळखुळ वाजत असेल तर एकतर माप चुकलं किंवा वायरवाल्यानं माप मारलं. हे दुसरंही काही कमी वेळा घडत नाही.

आता यंत्र. 16 एमएमपर्यंत लांब दांड्याचा हातानं दाबायचा क्रिंपिंग टूल चालतो, पण रॅचेटवाला घ्या. तो पूर्ण दाब बसल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यामुळं शेवटच्या कामाला हात दमला तरी दाब कमी पडत नाही. त्याच्या वर हायड्रॉलिक. चार ते सत्तर एमएमचे डाय (दाबायचे साचे) असलेला छोटा हायड्रॉलिक टूल गावाकडच्या कामाला पुरतो. डायवर आकडा असतो, तो थिंबलाच्या आकड्याशी जुळवायचा. डायची दोन्ही तोंडं एकमेकांना टेकेपर्यंत दांडा मारायचा. आतला व्हॉल्व्ह सुटल्याचं जाणवतं, तिथं थांबायचं. डाय छोटा घेतला तर नळीच्या दोन्ही बाजूंनी तांब्याचे कान बाहेर येतात आणि आतल्या तारा कापल्या जातात. मोठा घेतला तर नळी वरून षटकोनी दिसते आणि आत पोकळ राहते. दुसरा प्रकार जास्त फसवा.

पहिला दाब पानाच्या बाजूला, दुसरा वायरच्या बाजूला. दाबताना नळी लांबते, ती मोकळ्या तोंडाकडं लांबू द्यायची. लांब नळीला दोन दाब, आखूडला एक. काठाच्या अगदी टोकावर दाब मारायचा नाही, तिथली धार वायर कापते.

दाबून झालं की शिकंजात धरून अंगातला जोर लावून ओढायचं. सुटलं तर बरंच झालं, शेतात सुटण्यापेक्षा दुकानात सुटलं. पण ओढून न सुटणं हा पुरेसा पुरावा नाही. नवीन टूल आणलं, नवीन डब्यातली थिंबलं आणली की मी एक थिंबल त्याच वायरीवर दाबतो आणि हेक्सॉनं मधोमध आडवं कापतो. कापलेलं तोंड बारीक पॉलिश पेपरवर घासायचं. तारा एकमेकींत मिसळून भरीव तांब्याचा गोळा दिसला तर काम पास. मधे काळे ठिपके, फटी दिसल्या, किंवा तारा अजून गोलच दिसल्या, तर डाय बदला नाहीतर थिंबल बदला. असे कापलेले तुकडे माझ्या दुकानात फळीवर ठेवलेत, चांगले एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला. "दाबलंय की, मग काय वाईट आहे" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाच्या हातात मी वाईटातला तुकडा देतो.

"दाबून वरून डाग दिला तर दुहेरी पक्कं होईल ना?" हा प्रश्न आठवड्यातून एकदा येतोच. नाही होत. दाब चांगला बसला असेल तर कथलाला आत शिरायला जागाच नाही, ते फक्त मागच्या तारांत चढतं आणि वर सांगितलेली कडक काडी तयार करतं. दाब वाईट बसला असेल तर डाग तो दोष झाकतो. राळ आत अडकते ते वेगळंच.

मग डाग कधी? माझ्या कामात तीन ठिकाणी. स्टार्टरमधल्या छोट्या सर्किट प्लेटवर, मोटरच्या वाइंडिंगच्या बारीक जोडांना, आणि पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर रानात उभा आहे आणि टूल वीस किलोमीटरवर आहे तेव्हा. तिसऱ्या कामासाठी उस्तादांची पद्धत देतो.

पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं 35 एमएमची वायर तापत नाही, सगळी उष्णता तांबं पिऊन टाकतं. गॅसचा छोटा टॉर्च पाहिजे. वायरच्या सालीवर ओलं फडकं गुंडाळा, नाहीतर पीव्हीसी रडायला लागतं. तारांना राळ लावा. पत्रेवाल्याचं ॲसिड किंवा नवसागर अजिबात नाही, ते नळीत राहतं आणि सहा महिन्यांत तांबं हिरवं करतं. थिंबल पक्कडीत उभं, तोंड वर. ज्योत नळीच्या बाहेरून द्यायची आणि कथील नळीला टेकवायचं. कथलावर ज्योत दिली तर ते गोळी होऊन बसतं, चिकटत नाही. नळी तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरली की वायर घालायची, ज्योत तशीच थोडा वेळ ठेवायची, मग काढायची आणि हलायचं नाही. कथलाची चमक उतरेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. मधेच हललं तर जोड करडा, रवाळ होतो. तसा दिसला तर पुन्हा तापवा. शेवटी थिंबलापासून चार बोटांवर वायर बॉडीला क्लिपनं बांधा, म्हणजे हिसका कडक-मऊच्या शिवेवर जाणार नाही. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका. शिसं आहे ते. पावसाळा उघडला की ते थिंबल कापून दाबून घ्यायचं.

बॅटरी नवीन, तरी सेल मारला की नुसतं कटकट. अशा वेळी जोड मोजायला शिका, नाहीतर लोक बॅटरीमागून बॅटरी बदलतात. सेल मारताना दोनशे अँपिअर सहज वाहतो. जोडात फक्त पाच मिलिओहमचा अडथळा असला तरी बाराच्या बॅटरीतला एक व्होल्ट तिथंच खल्लास आणि 200 वॅट त्या एका थिंबलात. मल्टिमीटर डीसीच्या दोन व्होल्टवर लावा. एक टोक थिंबलाच्या पानाला, दुसरं टोक थोडं मागं वायरच्या तारांना टोचून. दुसऱ्या माणसाला सेल मारायला सांगा. मी 0.1 व्होल्टच्या आत आलं तर सोडून देतो. 0.3 दिसलं तर थिंबल कापतो. पान आणि बॅटरीचा खांब यांच्यामधेही असंच मोजा, बऱ्याच वेळा चोर तिथं असतो. पॉलिश पेपर मारायचा, बोल्ट आवळायचा, वरून व्हॅसलिन.

इन्व्हर्टरलाही हेच. बाराच्या बॅटरीवर हजार वॅटचा भार म्हणजे ऐंशीच्या वर अँपिअर, आणि तेही तासन्‌तास. स्टार्टरला मल्टिमीटर चालू लाईटमधे लावायच्या भानगडीत पडू नका. मोटर तासभर चालवा, मेन पाडा, फ्यूज खिशात, टेस्टरनं बघा आणि मग तिन्ही थिंबलांना बोटाची मागची बाजू लावून बघा. तिन्ही सारखीच कोमट असतील तर ठीक. एकच चटका देत असेल तर तेच उघडा.

राहिलं ॲल्युमिनियम, आणि खांबावरून आलेली वायर बहुतेक तीच असते. ॲल्युमिनियमवर हवा लागताक्षणी कडक पापुद्रा धरतो. साधा डाग त्याला चिकटतच नाही, म्हणजे इथं वादच संपला. तारा ब्रशनं घासायच्या, लगेच ऑक्साइड (तो पापुद्रा) रोखणारी पेस्ट लावायची, ॲल्युमिनियमच्या थिंबलात तीच पेस्ट भरायची आणि दाबायचं. बाहेर आलेली पेस्ट पुसून टाका. ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या थिंबलात कधीच घालू नका. दोन धातूंत ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं आणि थंड झाल्यावर ढिलं पडतं. स्टार्टरचं टर्मिनल तांबं-पितळेचं असेल तर बायमेटल थिंबल मिळतं, नळी ॲल्युमिनियमची आणि पान तांब्याचं. तालुक्याला लगेच मिळेलच असं नाही, जालन्याहून मागवावं लागतं. तोवर लोक तांब्याच्या थिंबलात ॲल्युमिनियम कोंबून मोटर चालवतात, आणि महिना-दोन महिन्यांनी तीच पेटी माझ्या दुकानात येते, मधलं टर्मिनल काळं.